डायलला आधी झिरो द्या

नगर-दौंड रस्त्यावर कायनेटिकचा कारखाना, नागापूरच्या एमआयडीसीत विजेच्या मोटारी आणि स्विचगिअर, वाहननगरात लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई आणि आता सुप्याची नवी वसाहत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आयटीआयमधून फिटर, टर्नर किंवा मशिनिस्ट होणाऱ्या मुलामुलींची नजर अशाच फाटकांकडे असते. पट्टी, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हाताखालून गेले की पाळी येते डायल गेजची, म्हणजेच डायलची.

तबकडीवर शंभर रेघा असतात. खालचा प्लंजर 1 मिलिमीटर सरकला की मोठा काटा पूर्ण एक फेरी घेतो. म्हणजे एक रेघ 0.01 मिलिमीटरची. झालेल्या फेऱ्या छोटा काटा सांगतो. पोटात दातेरी पट्टी, चक्रं आणि दात्यांमधली ढिलाई काढून टाकणारी बारीक स्प्रिंग.

पण डायल लांबी सांगत नाही, फरक सांगतो. कशापासूनचा फरक, हे आधी आपणच ठरवून द्यायचं.

त्यासाठी सरफेस प्लेट पुसून तिच्यावर स्लिप गेज ठेवतात. स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहान्सनने 1896 च्या सुमारास पुढे आणलेले हे पोलादी ठोकळे आजही मापाचा आधार आहेत. प्लंजर त्यावर टेकवून छोटा काटा साधारण एक घर पुढे जाईल इतका दाब देतात. हा दाब नसेल, तर जॉब कमी मापाचा निघाल्यावर काट्याला मागे जायला जागाच उरत नाही. मग स्टँडचा स्क्रू आवळायचा आणि बेझल, म्हणजे तबकडीची फिरती कड, फिरवून शून्य काट्याखाली आणायचं. इथेच नवशिक्याला वाटतं, झालं! प्लंजर दोन-तीनदा उचलून सोडल्यावर काटा त्याच रेघेवर परतला, तरच तो झिरो खरा. नाही परतला तर आधी स्टँडचा ढिला स्क्रू किंवा टोकाखालची धूळ शोधायची. प्लंजर पृष्ठभागाला काटकोनात हवा. तिरका बसला तर काटा खऱ्यापेक्षा जास्त सरकतो.

भोकाचा व्यास मोजणारा बोअर डायल जास्त चकवतो. भोकात तो हळूहळू डोलवायचा आणि काटा जिथून उलटा फिरतो, तो आकडा धरायचा. भोक मोठं असेल तर काटा शून्याच्या अलीकडेच थांबतो. झिरो 35 मिलिमीटरला दिला आणि काटा तीन रेघा अलीकडूनच परतला, तर भोक 35.03. उलट वाचलं की चांगला जॉब भंगारात!

लेथवर चार जॉच्या चकात जॉब मध्यावर आणतानाही हिशेब असाच सांभाळावा लागतो. चकाच्या एका फेरीत काटा वीस रेघा हलला, तर जॉब सरकवायचा दहाच रेघा.

मापं ठरतात ती 20 अंश सेल्सिअसला. नगरच्या उन्हाळ्यात शेडमध्ये 40 अंशांवर तापलेला 100 मिलिमीटरचा पोलादी जॉब दोन रेघांहून थोडा जास्तच वाढलेला असतो. मशिनवरून नुकताच उतरलेला जॉब म्हणूनच लगेच मोजत नाहीत. स्लिप गेजशेजारी त्याच प्लेटवर निवू देतात आणि मगच डायलखाली घेतात.