गार ब्रेकचा हिशेब

एमजीबी गाडीचं तारांचं चाक काढायला पाना लागत नाही. मधोमध दोन कानांचं एक मोठं नट असतं, त्यावर तांब्याच्या हातोडीनं ठोकायचं. डाव्या बाजूचे आटे नेहमीसारखे, उजव्या बाजूचे उलटे. कुठल्या दिशेनं सुटेल ते नटावरच कोरलेलं असतं, तरी काका दर वेळी वाकून वाचतात. सर्जन होते, डावं-उजवं तपासून घेतल्याशिवाय हात चालवायचा नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

काका मिरजेहून डॉक्टर होऊन इंग्लंडला आले आणि स्टॉकपोर्टला स्थिरावले. ही १९७२ची एमजीबी जीटी त्यांनी निवृत्तीनंतर घेतली, तरुणपणी परवडली नव्हती म्हणून. ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या, त्यामुळे सुटे भाग आजही सहज मिळतात. अडचण उलटीच आहे. पुढच्या ब्रेकचे पॅड म्हटलं की कितीतरी प्रकार समोर येतात, सगळे त्याच लॉकहीड कॅलिपरमध्ये बसतात आणि सगळे स्वतःला उत्तम म्हणवतात.

काकांचं मत ठाम होतं. "रेसिंगचे घे. ब्रेकच्या बाबतीत चिक्कूपणा नको."

"काका, ते लावले तर सकाळच्या पहिल्याच सिग्नलला पाय थरथरेल तुमचा."

त्यांना ते पटेना. पण रेसिंगचा पॅड गरम होण्यासाठीच बनवलेला असतो. शर्यतीत चालक दर वळणाआधी जोरात ब्रेक मारतो, डिस्क सतत तापलेली राहते, आणि त्या तापमानाला पॅडची पकड उत्तम असते. काकांची गाडी महिन्यातून दोनदा निघते, गल्लीतून हळू बाहेर पडते आणि पाच मिनिटांनी एखादी आजी रस्ता ओलांडताना दिसते. त्या वेळी डिस्क गार असते, आणि गार डिस्कवर रेसिंगचा पॅड नुसता घासत जातो. त्यात काकांच्या गाडीला सर्व्हो नाही. पेडलवर जेवढा जोर द्याल तेवढाच पुढे जातो. त्याला हातभार लावणारं काही नाही. सत्तरी ओलांडलेल्या गुडघ्याचा विचार पॅड निवडताना करावाच लागतो.

म्हणजे मऊ, साधा पॅड घ्यावा का? तेही इतकं सरळ नाही, कारण काका डोंगरात जातात. दोन माणसं बसवून ही गाडी बाराशे किलोंच्या वर जाते. ताशी १०० किलोमीटरवरून ती थांबवली तर सुटणारी उष्णता जवळजवळ दीड लिटर गार पाण्याला उकळी आणेल, आणि यातली बरीचशी पुढच्या दोन डिस्क पचवतात. वेग दुप्पट केला की उष्णता चौपट. लांब उतारावर ब्रेक दाबत राहिलं तर साध्या पॅडमधला चिकटवणारा रेझिन जळू लागतो, त्याचा वायू पॅड आणि डिस्कच्या मधे शिरतो, आणि पेडल दगडासारखं घट्ट लागूनही गाडी थांबत नाही.

पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर मात्र रोग वेगळा. ते बहुतेकदा ब्रेक ऑइल असतं. ते हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १५५ अंशांच्या आसपासही उकळू शकतं. पॅड बदलून ब्रेक सुधारला नाही अशी तक्रार करणाऱ्यांना मी आधी विचारतो, ऑइल कधी बदललंत?

ब्रेक पॅडचा हा सगळा धंदा काकांच्या घराजवळच सुरू झाला, हे त्यांना ठाऊक नव्हतं. हर्बर्ट फ्रूड नावाचा माणूस डर्बीशायरच्या डोंगराळ भागात घोडागाड्या उतारावरून जाताना बघायचा. ब्रेकचा लाकडी ठोकळा घसरू नये म्हणून गाडीवान त्यावर जुन्या बुटांचं चामडं ठोकत, असं सांगतात. फ्रूडनं १८९७मध्ये त्यावर चांगला पर्याय शोधायला घेतला. त्यातून फेरोडो कंपनी उभी राहिली, तिचा कारखाना चॅपल-अन-ल-फ्रिथला. पुढे पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस आला, कारण तो उष्णतेला दाद देत नाही. त्याची धूळ फुप्फुसात काय करते हे काकांना मी सांगायची गरज नव्हती. ब्रिटननं १९९९मध्ये त्यावर पूर्ण बंदी घातली. जुन्या गाडीचं ड्रम उघडताना आजही फुंकर मारायची नाही, हवेचा पाइप तर मुळीच लावायचा नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं, फडकं पिशवीत बांधायचं.

डब्यावरच्या फुशारक्यांपेक्षा पॅडच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचावीत. अमेरिकी पद्धतीत दोन अक्षरं असतात, पहिलं कमी तापमानाच्या घर्षणाचं, दुसरं जास्त तापमानाचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याच्या वर. युरोपात आर ९० ही मान्यता बघावी; तिच्यात मूळ पॅडच्या तुलनेत १५ टक्क्यांहून जास्त फरक चालत नाही, कमीही नाही आणि जास्तही नाही. जास्त नको, हे महत्त्वाचं आहे. एमजीबीला मागे ड्रम आहेत. पुढची पकड एकदम वाढवली तर पावसात पुढची चाकं आधी अडकतात, आणि या गाडीला एबीएस कुठून असणार.

माझी निवड एफएफ ठरली. गारही धरेल, उतारावरही टिकेल आणि बिडाची डिस्क खाणार नाही, कारण त्यात धातूचं प्रमाण फार नाही. धूळ जास्त पडेल आणि बोटं काळी होईपर्यंत तारांच्या चाकांची सफाई करावी लागेल, हे मी आधीच सांगितलं.

बसवणं अर्ध्या तासाचं काम. दोन कॉटर पिना काढल्या की जुने पॅड वर ओढून निघतात. पिस्टन मागे ढकलण्याआधी डबीतलं ऑइल सिरिंजनं थोडं काढून घ्यायचं, नाहीतर ते सांडून रंग खातं. सिरिंज काकांनी धरली, अर्थात. एक पिस्टन गंजानं अडला होता. तो तसाच ठेवून नवे पॅड घातले असते तर एक पॅड झिजला असता, दुसरा कोराच राहिला असता. त्या कॅलिपरची रबरं बदलावी लागली, आणि दिवस तिथे गेला.

नवे पॅड लगेच जोरात दाबायचे नाहीत. ताशी ५० वरून १५ पर्यंत आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, थोडं चालवून वारा लागू द्यायचा, परत तेच. नंतर चॅपल-अन-ल-फ्रिथवरून विनॅट्सच्या खिंडीत गेलो. तिथला उतार वीस टक्क्यांहून उभा. काका घाटात शिकलेले, चढताना लावला असता तोच दुसरा गिअर उतरतानाही ठेवला, आणि कासल्टनला पोचलो तेव्हा डिस्क नुसत्या कोमट होत्या. पेडल मात्र अजून जरा लांब जातंय, आणि त्याचा दोष पुढे नाही. मागच्या ड्रमच्या ॲडजस्टरचा चौकोनी बोल्ट गंजून बसलाय. त्यावर तेल सोडून ठेवलंय. शनिवारी काका पाना घेऊन खाली झोपणार आहेत, मी दिवा धरणार.