बांध कोरला जातोय? भांडण्याआधी मोजणी मागवा

घोडेगावजवळच्या शनिशिंगणापुरात परंपरेने घरांना दारं नसतात. पण आपल्या नेवासे तालुक्यात शेताला बांध लागतोच! दर नांगरटीला शेजाऱ्याचा फाळ बोटभर आत येतो आणि काही वर्षांत कांद्याचा एक वाफा गायब होतो. मग शिव्या, काठ्या, पोलीस.

मंडळी, आधी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, ई-मोजणीतून ऑनलाइनही होतो. लगतच्या खातेदारांनाही नोटीस जाते, त्यामुळे खुणा सगळ्यांसमोर ठरतात. मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत जपून ठेवा. तारेचं कुंपण त्यानंतरच घाला, आधी घातलेलं उपटावं लागतं.

वाट किंवा पाटाचं पाणी अडवलं असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 नुसार तहसीलदारांकडे 6 महिन्यांच्या आत दावा लावा. इथेच बरेच जण उशीर करतात.

आणि तुमचं शेत शेजारी, त्याचं तुम्ही किमान 12 वर्षं कसत असाल, तर 2023 ची सलोखा योजना बघा. अदलाबदलीच्या दस्ताला नाममात्र 1000 रुपये मुद्रांक शुल्क आणि 1000 रुपये नोंदणी फी. योजनेची सध्याची मुदत तलाठ्यांना विचारा, आणि जाताना शेजाऱ्यालाही सोबत न्या.