इथला बेस्ट कुक टिकवायचा नसतो!

बी-प्लॅन स्पर्धांचा सीझन आला की कॉलेजच्या कॅंटीनमध्ये एक आयडिया हमखास निघते. 'आपण कॅटरिंग सुरू करू. पण नुसतं कॅटरिंग नाही हं! ज्यांची शाळा मधेच सुटलीये, जी मुलं नाक्यावर दिवस काढतायत, बालगृहातून बाहेर पडून कुठे जायचं हे ज्यांना माहीत नाही, त्यांना किचनमध्ये घ्यायचं. शिकवायचं. नफा कुणी खिशात घालायचा नाही.' सगळ्यांना पटतं. दुसरा चहा येईपर्यंत नाव ठरतं, तिसरा येईपर्यंत लोगो.

आता जरा हा सीन बघा. सकाळचे साडेअकरा वाजलेत. एक वाजता एका ऑफिसात 100 डबे पोचायला हवेत. पोळ्या लाटणारा आज आलाच नाही, फोनही बंद. दुसऱ्याने भाजीत मीठ दोनदा घातलंय. तिसरा मात्र एक नंबर काम करतोय. फक्त त्याला कालच एका हॉटेलातून नोकरीसाठी बोलावणं आलंय.

तुम्ही काय कराल? कुठलाही केटरर तिसऱ्याचा पगार वाढवेल आणि त्याला थांबवून घेईल. तुम्हाला मात्र त्याचं अभिनंदन करून त्याला पाठवावं लागेल. कारण तो फोन यावा म्हणूनच तर तुम्ही दुकान मांडलंय! म्हणजे या धंद्यात तयार झालेला माणूस दर काही महिन्यांनी जाणार आणि त्याच्या जागी सुरी कशी धरायची हेही माहीत नसलेला नवा येणार. हे वर्षानुवर्षं चालणार. बहुतेक प्लॅनमध्ये नेमकं हेच लिहिलेलं नसतं.

ज्यांनी हे करून दाखवलंय, त्यांच्याकडे बघू. व्हिएतनाममध्ये जन्मलेला आणि ऑस्ट्रेलियात वाढलेला जिमी फाम हनोईच्या रस्त्यावरच्या मुलांना खाऊ घालायचा, कपडे घ्यायचा. काही काळाने त्या मुलांनीच त्याला सांगितलं की असं किती दिवस चालणार, आम्हाला काम हवंय. 1999 मध्ये त्याने नऊ मुलांना घेऊन सँडविचचं छोटं दुकान काढलं. त्यातून 'कोटो' उभं राहिलं. तिथलं प्रशिक्षण दोन वर्षांचं असतं. स्वयंपाक आणि सर्व्हिस तर शिकवतातच, शिवाय इंग्रजी आणि रोजच्या जगण्यातली कौशल्यंही. वेळेवर उठणं, रागावर ताबा ठेवणं, हातात आलेला पगार पुरवणं हाही अभ्यासक्रमच असतो. पोळी लाटायला महिन्याभरात येते. रोज नऊच्या ठोक्याला हजर राहायला त्याहून जास्त वेळ लागतो.

आणि शिकवण्याला पैसे लागतात. एक साधा हिशेब मांडू, आकडे फक्त उदाहरणासाठी. 100 डबे, एक डबा 100 रुपयांना. दिवसाचे आले 10,000. त्यातले निम्मे धान्य, भाजी, गॅस आणि पॅकिंगमध्ये गेले. उरलेल्यात भाडं, टेम्पो, पगार. सरावलेली चार माणसं हे काम आरामात उरकतात. तुमच्याकडे मात्र दोन पक्के आचारी आहेत आणि सहा शिकाऊ, ज्यांना महिन्याला स्टायपेंड द्यायचाय. वाया जाणारा माल जास्त. शिवाय मुलांच्या घरी जाणारा, गैरहजर मुलाचा माग काढणारा समाजकार्यकर्ता हवाच. त्याचा पगार कुठल्या डब्यातून काढणार?

म्हणून वहीत पहिल्या दिवसापासून दोन रकाने आखा. एक डब्याचा खर्च, दुसरा शिकवण्याचा. पहिला गिऱ्हाइकाच्या पैशातून भागलाच पाहिजे. तो भागत नसेल तर आपण समाजसेवेच्या नावाखाली तोट्यातलं कॅटरिंग चालवतोय. दुसऱ्यासाठी देणगीदार शोधा आणि तो खर्च त्यांना उघडपणे सांगा. तो गुपचूप डब्याच्या किमतीत घातलात तर डबा महाग होईल आणि ऑर्डर शेजारच्या केटररकडे जाईल. लोक कौतुकाने एकदा मागवतात, दुसऱ्यांदा चवीसाठी.

वॉशिंग्टनमधलं 'डीसी सेंट्रल किचन' असंच वाढलं. रॉबर्ट एगर नावाच्या नाइटक्लब मॅनेजरने 1989 मध्ये ते सुरू केलं. थोरल्या बुश यांच्या शपथविधीच्या समारंभांतलं उरलेलं अन्न गोळा करण्यापासून सुरुवात झाली. पुढे बेघर आणि तुरुंगातून सुटलेल्या लोकांना तिथे स्वयंपाक शिकवायला लागले. देणग्या येत होत्या, पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. स्वतःचं कॅटरिंग काढलं, शाळांना जेवण पुरवायची कंत्राटं घेतली आणि शिकून बाहेर पडलेल्या काहींना तिथेच नोकरीही दिली.

याच्या उलट धडाही आहे. शेफ जेमी ऑलिव्हरने 2002 मध्ये लंडनला 'फिफ्टीन' काढलं. पंधरा बेरोजगार तरुणांना शेफ बनवायचं म्हणून हे नाव. त्यावर टीव्ही मालिका झाली, जगभर बोलबाला झाला. 2019 मध्ये ऑलिव्हरच्या रेस्टॉरंट समूहाचा डोलारा कोसळला आणि त्यात लंडनचं फिफ्टीनही बंद झालं. एका मोठ्या नावाच्या खांद्यावर उभं राहिलं की पटकन उंच दिसता येतं. तो खांदा हलला की काय होणार, हा प्रश्न प्लॅनमध्येच विचारून ठेवायला हवा.

आपल्याकडचं उदाहरण हवंय? मुंबईत गिरणी कामगारांचे डबे करणाऱ्या खाणावळवाल्या बायांना रेशन भरायला आधी पैसे लागायचे आणि कामगार पैसे द्यायचे पगार झाल्यावर. मधल्या दिवसांत सावकार त्यांना पिळायचा. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये या बायांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. ती अडचण आजही तीच आहे. भाजीवाल्याला आज रोख द्यायचे आणि ऑफिसचं बिल महिन्या-दीड महिन्याने निघणार. प्लॅनमध्ये निदान दोन महिन्यांचं खेळतं भांडवल बाजूला ठेवा, नाहीतर ऑर्डर हातात असूनही चूल बंद पडेल.

आता थोडं कागदपत्रांचं. ना-नफा कंपनी काढायची तर कंपनी कायद्यातलं कलम 8 आहे. त्यात नफा कमवायला मनाई नाही, वाटून घ्यायला आहे. अन्नासाठी एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना हवा. मुलं 18 पूर्ण झालेलीच घ्या, म्हणजे बालमजुरीचा प्रश्न येणार नाही. तसंही बालगृहाचं दार बंद होतं ते 18 व्या वर्षीच. खरी गरज तिथूनच सुरू होते. मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि रोजगाराचं प्रशिक्षण त्यात बसतं. पण सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेला साधारणपणे तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. त्यामुळे सुरुवातीला एखाद्या जुन्या संस्थेचा हात धरणं शहाणपणाचं. मुलांची ओळख असणारा समाजकार्यकर्ताही तिथेच भेटेल.

आणि एक गोष्ट कुठल्याही कागदावर नसली तरी पाळायची. मुलांची दर्दभरी कहाणी मेन्यूकार्डावर छापायची नाही. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलाची ओळख उघड करायला बालन्याय कायद्यानेच बंदी आहे, पण कायदा नसता तरीही नाही. पोहे वाढायला आलेल्या मुलाकडे 'हाच का तो?' अशा नजरेने कुणी बघितलं, तर तो उद्या येणार नाही. त्याला तिथे पोह्यांसाठी ओळखलं जायला हवं.

तेव्हा स्पर्धेत 'यश कसं मोजणार?' ही स्लाइड येईल, तेव्हा तिथे विकलेल्या डब्यांचा आकडा एकटा टाकू नका. किती जण शिकून बाहेर पडले आणि सहा महिन्यांनी त्यातले किती अजून नोकरीवर आहेत, हे लिहा. परीक्षकांनी नाही विचारलं तरी लिहा.

आणि साडेअकराचा तो सीन? पोळ्या तुम्ही स्वतः लाटायला घ्या. भाजीत उकडलेला बटाटा कुस्करून घाला, मीठ सावरेल. तिसऱ्याला सांगा, सोमवारपासून तिकडे जा, फक्त जायच्या आधी नव्या मुलाला कांदा चिरायला शिकव. डबे मात्र एक वाजता पोचलेच पाहिजेत. उद्याही.