तिघांच्या मेळातील तालवाला

गेल्या हिवाळ्यात पातूरच्या बसस्थानकाजवळील एका चहाच्या टपरीवर कॉलेजातील चार पोरे हातघाईवर आली होती. आम्ही युनियनची माणसे. वाद दिसला की मध्ये पडण्याची खोड जात नाही. चौकशी करता कळले की भांडण विलायती बँडांतील ड्रमवाल्यांवरून आहे. ज्या बँडांत तीनच माणसे असतात, त्यांत सर्वांत थोर ड्रमवाला कोण? एक म्हणे जिंजर बेकर, दुसरा म्हणे मिच मिचेल, तिसरा म्हणे नील पर्ट. चौथा नुसताच हसत होता. निवाडा आमच्यावर सोपविण्यात आला. आम्हांस या विषयाची अक्षरओळखही नव्हती. म्हणून निवाडा पुढे ढकलला, पोरांकडून ध्वनिमुद्रणे मागून घेतली आणि तीन महिने रात्री ती ऐकत बसलो. त्यातून जे ध्यानात आले ते येथे मांडीत आहोत.

तिघांचा मेळ आपल्याला नवा नाही. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना ऑर्गन, सारंगी आणि तबला यांची साथ असे; सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा. विलायती मेळात एक गिटार, एक बास गिटार आणि एक ड्रमचा संच असतो, आणि त्या तिघांपैकीच कोणीतरी गातो. बास गिटार म्हणजे खर्जात बोलणारी जाड तारांची गिटार. गाण्याचा पाया ती धरते.

आता यातील अडचण पहा. पाचजणांच्या बँडात गिटारवाला चाल सोडून आपल्या करामतीत शिरला, तर दुसरा गिटारवाला किंवा ऑर्गनवाला मागे चाल चालू ठेवतो. तिघांत असा कोणी नसतो. गिटार वर चढली की मधली जागा एकदम रिकामी पडते. १७० किलोची रुईची गाठ चौघे ढकलीत असता एकजण बाजूला झाला, म्हणजे उरलेल्यांच्या खांद्यांना जे कळते तेच येथे ड्रमवाल्याला कळते. मग त्याने ती जागा ठोक्यांनी भरून काढावी, की ठेका सरळ धरून रिकामी जागा रिकामीच ऐकू द्यावी? पोरांच्या भांडणाच्या मुळाशी हा प्रश्न होता, जरी त्यांना तो असा मांडता आला नव्हता.

बेकर हा भरणाऱ्यांतला. जन्म १९३९, लंडनचा, वळण जॅझचे. १९६६ साली एरिक क्लॅप्टन आणि जॅक ब्रूस यांच्यासह त्याने 'क्रीम' हा बँड काढला. त्याच्यापुढे पायाने वाजवायचे मोठे ड्रम दोन असत, म्हणजे दोन्ही हात आणि दोन्ही पाय सारखे कामाला जुंपलेले. 'टोड' नावाच्या त्याच्या रचनेचे १९६८ साली निघालेले ध्वनिमुद्रण सोळा मिनिटांचे आहे. गिटार आणि बास आरंभी व अखेरीस तेवढी येतात, मधला सारा वेळ हा एकटा. पुढे तो आफ्रिकेत गेला, नायजेरियात राहिला, तेथे फेला कुटीबरोबर वाजविले. विद्या मोठी, स्वभाव भयंकर. ब्रूसशी त्याचे कधी पटले नाही.

मिचेलची गोष्ट निराळी, आणि आम्हांस विशेष उद्बोधक वाटली. १९६६ च्या ऑक्टोबरात तो जिमी हेंड्रिक्सच्या बँडात आला. तेथील बासवाला नोएल रेडिंग हा मुळात गिटार वाजविणारा; बास त्याने गरजेपोटी हाती घेतली होती आणि तो ती साधीच वाजवी. पाया स्थिर असल्यामुळे मिचेलला हिंडायला मोकळीक मिळाली. 'मॅनिक डिप्रेशन' हे १९६७ चे गाणे ऐकावे. दादऱ्यासारख्या तीन-तीनच्या घाटात त्याचे ड्रम गिटारच्या मागे न राहता तिच्या बरोबरीने बोलतात.

पुढे हेंड्रिक्सने गडी बदलले. ३१ डिसेंबर १९६९ आणि १ जानेवारी १९७० या दोन दिवशी न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट नाट्यगृहात त्याच्यासोबत बासवर बिली कॉक्स आणि ड्रमवर बडी माइल्स होते. तेथे वाजविलेले 'मशीन गन' उपलब्ध आहे. त्याच वर्षी ऑगस्टात आइल ऑफ वाइट बेटावर तेच गाणे हेंड्रिक्सने पुन्हा वाजविले, तेव्हा बासवर कॉक्सच होता, पण ड्रमवर मिचेल परत आला होता. गाणे तेच, गिटारवाला तोच, बासवाला तोच. बदलला तो केवळ तालवाला. अशी परीक्षा सहसा पाहावयास मिळत नाही. माइल्सचा ठोका जड आणि सरळ आहे. त्या जमिनीवर उभी राहून गिटार वाटेल तितकी उंच जाते. मिचेल गिटारला प्रत्येक वाक्यागणिक उत्तर देतो, त्यामुळे दोघांचे संभाषण ऐकू येते, पण पायाखालची जमीन थोडी हलते. आमचे मत या गाण्यापुरते माइल्सच्या बाजूने पडले, आणि तो तर पोरांच्या यादीतही नव्हता! 'मॅनिक डिप्रेशन' मात्र माइल्सच्या हाती देण्याची आमची तयारी नाही. कोण थोर हे विचारण्याआधी कोणाच्या साथीला, हे विचारावे लागते. थिरकवाँचे एकल वादन ऐकून माणसे थक्क होत. पण बालगंधर्वांच्या पदाखाली तेच हात ठेका धरून बसत, आणि जाणकार त्या ठेक्याच्या वजनाबद्दलही तितक्याच प्रेमाने बोलत.

पर्ट कॅनडाचा. १९७४ साली 'रश' या बँडात आला. सात मात्रांचे, पाच मात्रांचे घाट तो लीलया वाजवी. रूपक ज्याच्या कानात आहे त्याला ते अवघड वाटणार नाहीत. कधी कधी फार मोजूनमापून वाजवितो असे आमच्या कानाला वाटले. पण वीस वर्षे नाव गाजविल्यावर, जग डोक्यावर घेत असता, हा मनुष्य फ्रेडी ग्रूबर नावाच्या शिक्षकापाशी गेला आणि हात कसा फिरवावा हे पुन्हा शिकला. ज्याने शाळा अर्ध्यावर सोडली, त्याला याचे मोल अधिक कळते.

आता पैशाची गोष्ट, कारण तेथे आमचे कान आपोआप टवकारतात. विलायतेत गाण्याचा मालकी हक्क शब्द आणि चाल रचणाऱ्यांच्या नावे नोंदला जातो. ठेका बसविणाऱ्याचे नाव त्यात सहसा येत नाही. क्रीमचे 'व्हाइट रूम' हे गाणे ब्रूस आणि कवी पीट ब्राउन यांच्या नावे आहे. त्याच्या आरंभी जो पाच मात्रांचा घाट येतो तो आपण घातला असे बेकरचे म्हणणे होते, आणि त्याचा वाटा मिळाला नाही ही तक्रार त्याने म्हातारपणापर्यंत केली. २०१९ साली तो वारला. पर्टला ही तक्रार करावी लागली नाही, कारण रशच्या बहुतेक गाण्यांचे शब्द त्याचे आहेत. काठ्यांनी टाळ्या मिळविल्या. हक्कपत्रावर नाव लेखणीने आणले.

वऱ्हाडात तुकडोजी महाराजांच्या स्वतःच्याच हाती खंजिरी असे, शाहिराच्या हाती डफ असतो. गाणारा आणि ताल धरणारा एकच असला की हा तंटा उद्भवतच नाही. ढोलकी निराळ्या हातात गेली की उद्भवतो. हे आम्ही अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी १ मेच्या कार्यक्रमाला आम्ही तिघांचा एक फड बोलाविला: शाहीर, तुणतुणेवाला आणि ढोलकीवाला. पत्रकावर शाहिराचे नाव मोठ्या अक्षरांत आणि खाली 'व साथीदार'. बिदागीचे पाकीट शाहिराच्या हाती दिले. हजेरीपटावर एका हमालाचे नाव राहिले म्हणून कचेरीसमोर बसणारे आम्ही, आणि तीन तास बोटे सोलून घेणाऱ्या माणसाचे नाव आम्हीच गाळले होते. त्याने त्या रात्री काही म्हटले नाही. पुढल्या वर्षी बोलावणे धाडले तर आला नाही.

निवाड्याच्या निमित्ताने आम्ही त्याच्या घरी गेलो. चहा झाला. मग आधी बेकरचे 'टोड' लावले. पाच-सहा मिनिटे त्याने मान खाली घालून ऐकले आणि म्हणाला, "हात त लय चांगला हाये भाऊ, पन गानारा कोठी गेला?" नंतर माइल्सचे 'मशीन गन' लावले. या खेपेस तो बोलला नाही. मांडीवर बोटे चालू झाली. संपल्यावर पुन्हा लावायला सांगितले.

यंदा १ मेच्या पत्रकाचा मजकूर छापखान्यात दिला आहे. त्यात तिघांची नावे एकाच आकाराच्या अक्षरांत आहेत. ढोलकीवाला यायला कबूल झाला आहे. बिदागीचे तीन सारखे वाटे करण्यास शाहीर अद्याप राजी नाही. बोलणी चालू आहेत.