मांजरांनाही हवी वेगळी चूल

घरात आठ-नऊ वर्षांची मांजर असते. घरातील सारे दिवसभर नोकरी आणि शाळा-कॉलेजात. ती बिचारी एकटी कंटाळत असेल, तिला सोबत हवी, या मायेपोटी एक दिवस तीन महिन्यांचे पिल्लू घरी येते. पहिले चार-आठ दिवस गुरगुर होते, पंजे उगारले जातात आणि मग घर शांत होते. ‘जमले बुवा दोघांचे’ म्हणत मंडळी निश्चिंत होतात. दोन महिन्यांनी मात्र थोरली मांजर गादीवर लघवी करू लागते. दिवस दिवस कपाटावरून खाली उतरत नाही. ‘म्हातारपणी बिघडली’ असा शिक्का तिच्यावर बसतो आणि तिला कुठेतरी नेऊन सोडण्याची भाषा सुरू होते.

मुंबई-पुण्यातील फ्लॅटमध्ये वारंवार घडणारी ही गोष्ट आहे. तिच्यात मांजर बिघडलेली नसते. तिच्या वाट्याचे घर आक्रसलेले असते. घर शांत झाले म्हणजे समेट झाला, हा समज इथे चुकतो. मांजरांचे बहुतेक वैर आवाज न करता चालते आणि म्हणूनच ते माणसांच्या लक्षात येत नाही. अमेरिकेतील मांजरांच्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २०२४ मध्ये घरातील मांजरांमधील तणावाविषयी स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. उघड मारामारीइतकेच या मूक तणावाकडे लक्ष द्यावे, हा तिचा रोख आहे.

एकट्याने शिकार करणारा प्राणी

पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातील रानमांजर. उंदरासारखे त्याचे भक्ष्य एकालाच जेमतेम पुरणारे. त्यामुळे कळपाने शिकार करण्याची गरज त्याला कधी भासली नाही. कुत्र्याचे तसे नाही. लांडग्यांच्या टोळीत भांडण मिटविण्याच्या, नमते घेण्याच्या खुणा विकसित झाल्या. मांजराकडे ही शिष्टाचाराची शिदोरी तुटपुंजी आहे. समोरच्याला टाळणे, हाच त्याचा भांडण मिटविण्याचा मुख्य मार्ग. मोकळ्या माळावर हे सहज जमते. पाचशे चौरस फुटांच्या घरात टाळून जाणार कुठे?

मग मासळी बाजारात, गोदीत मांजरांचे घोळके दिसतात ते कसे? भरपूर अन्न एकाच जागी मिळते तिथे मांजरे एकत्र राहतात, हे खरे. पण अशा घोळक्याचा गाभा बहुधा माय-लेकी आणि बहिणींचा असतो. त्या एकमेकींची पिल्लेही सांभाळतात. बाहेरून आलेल्या अनोळखी मांजराला मात्र तिथे सहसा हुसकावले जाते. घरात आणलेले नवे मांजर हे असे अनोळखीच असते.

प्रत्येक मांजराची सोबतीची भूकही सारखी नसते. जन्मानंतरच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्याला इतर मांजरांचा सहवास मिळाला, ते पुढे सोबत अधिक सहजपणे स्वीकारते. एकाच विणीतील भावंडांचे अनेकदा छान जमते. पिल्लाला दिवसभर दंगा हवा असतो, तर सांधे दुखणाऱ्या वयस्क मांजराला निवांत कोपरा. दोघांपैकी कोणीच दुष्ट नसते. एकाचा खेळ दुसऱ्याला छळ वाटतो, इतकेच.

दाराशी बसलेला पहारेकरी

हा तणाव ओळखायचा कसा? एक मांजर स्वयंपाकघराच्या किंवा बाथरूमच्या दाराशी ऐसपैस पसरून बसते. माणसांना ते गोजिरवाणे वाटते. दुसऱ्या मांजरासाठी मात्र तो पहारा असतो. ताटलीपर्यंत किंवा मातीच्या ट्रेपर्यंत जाण्याची वाट त्यामुळे बंद होते. रोखून पाहणे, दुसऱ्याला पाहताच वाट बदलणे, घाईघाईने खाऊन निघून जाणे, सतत उंचावर किंवा पलंगाखाली राहणे, अंग चाटून चाटून केस घालविणे, भिंतीवर किंवा पडद्यावर लघवीची चिळकांडी उडविणे या साऱ्या धोक्याच्या खुणा आहेत.

मैत्रीच्या खुणाही ठळक असतात. मित्र असलेली मांजरे एकमेकांना चाटतात, अंग घासतात, शेपटी ताठ उभी करून सामोरी जातात आणि अंगाला अंग लावून झोपतात. शेजारी बसून जेवणे हा मात्र मैत्रीचा पुरावा नव्हे. भुकेपोटी शत्रूच्या पंगतीलाही बसावे लागते. खेळ आणि भांडण यांतला फरकही लक्षात घ्यावा. खेळात आवाज फारसा नसतो, नखे आत असतात आणि पाठलागाची पाळी बदलत राहते. पळणारे मांजर नेहमी एकच असेल, तर तो खेळ नव्हे.

आधी पशुवैद्याकडे

वागणे अचानक बदलले तर पहिली भेट पशुवैद्याची. दात, सांधे किंवा मूत्राशयाच्या दुखण्यामुळेही मांजर चिडचिडे होते. तणावाचा थेट परिणाम मूत्राशयावर होतो आणि जंतुसंसर्ग नसतानाही दाह होऊ शकतो, हे आता पशुवैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. बोक्यांमध्ये मूत्रमार्ग अरुंद असल्याने तो पूर्ण तुंबण्याचा धोका असतो. बोका वारंवार ट्रेमध्ये बसत असेल आणि थेंबभरच लघवी होत असेल किंवा मुळीच होत नसेल, तर एक-दोन दिवसांत ते जिवावर बेतू शकते. अशा वेळी ‘सकाळी बघू’ म्हणणे महागात पडते. नसबंदी झाली नसेल तर तीही करून घ्यावी. चिळकांडी उडविणे आणि मारामारी त्यामुळे बऱ्याच अंशी कमी होते.

वाटणी कशी करावी

एकत्र कुटुंबात खटके उडू लागले की वेगळी चूल मांडली जाते. मांजरांच्या बाबतीतही हाच उपाय सर्वांत गुणकारी आहे. जितकी मांजरे, त्याहून एक अधिक ट्रे, हा सर्वसाधारण नियम. मात्र तीन ट्रे एका ओळीत मांडले, तर मांजराच्या लेखी ती एकच जागा ठरते. ते वेगवेगळ्या खोल्यांत किंवा कोपऱ्यांत हवेत. खाण्याची ताटली एकमेकांच्या नजरेआड ठेवावी आणि पाण्याची भांडी निराळ्या जागी. खोकी, टोपल्या, कपाटाचा माथा, खिडकीतील फळी अशा विसाव्याच्या जागा वाढवाव्यात. जमिनीवरची जागा वाढविता येत नसली तरी उंची वापरता येते. प्रत्येक जागेतून निसटण्यास दोन वाटा असाव्यात. दंगेखोर पिल्लाला रोज वेगळे, दमेपर्यंत खेळवावे, म्हणजे थोरलीच्या शेपटीमागे लागण्याची त्याची खुमखुमी कमी होते.

नवे मांजर आणताना घाई टाळावी. प्रथम त्याला स्वतंत्र खोली द्यावी. अंग पुसलेले फडके एकमेकांकडे ठेवून वासाची ओळख करून द्यावी. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, नंतर जाळीतून दर्शन आणि शेवटी काही मिनिटांच्या भेटी. या क्रमाला काही दिवस लागतील किंवा कित्येक आठवडेही. जुन्या जोडीचे बिनसले तरी त्यांना वेगळे करून हाच क्रम पुन्हा पहिल्यापासून गिरवता येतो.

कधी दवाखान्यातून परतलेल्या मांजराला औषधांच्या वासामुळे घरातलेच मांजर परके मानते. दिवाळीतील फटाक्याने किंवा खिडकीबाहेरच्या अनोळखी बोक्याने बिथरलेले मांजर जवळच्या मांजरावर तुटून पडते. अशा वेळी दोघांना अंधाऱ्या, शांत खोल्यांत वेगवेगळे ठेवावे. मारणे, पाणी फवारणे किंवा ‘भांडून होतील एक’ म्हणून एका खोलीत कोंडणे यांमुळे भीती वाढते आणि त्या भीतीचा संबंध मांजर समोरच्या मांजराशी जोडते. बाजारात मिळणाऱ्या कृत्रिम गंधांच्या उपकरणांचा परिणाम सर्वत्र सारखा दिसत नाही. ती वाटणीला पर्याय ठरत नाहीत.

मैत्रीचा हट्ट नको

सारे करूनही काही जोड्या मित्र होत नाहीत. त्यांनी एकमेकांना दुरून सोसले, निर्धास्तपणे खाल्ले, झोपले, तरी ते यशच. तेही न जमल्यास एका मांजरासाठी नीट पारखून दुसरे घर शोधणे हा जबाबदार निर्णय ठरतो. ते रस्त्यावर सोडणे मात्र नव्हे. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण टाकून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे.

दुसरे मांजर आणण्यापूर्वी म्हणूनच एक प्रश्न विचारायला हवा. सोबत नेमकी कोणाला हवी आहे, घरातल्या मांजराला की माणसांना? उत्तर ‘माणसांना’ असे आले, तर संध्याकाळची पंधरा मिनिटे त्या एकाच मांजराशी खेळण्यात घालविणे दोघांच्याही हिताचे.