पहिल्या बाकापुढची सतरंजी

या जूनपासून आमच्या मंडळीत बालोपदेश बंद झाला. दुसरं गीत संपलं की मुलं रांगेनं मागच्या हॉलमध्ये जातात. तिथं पडद्यावर इंग्रजी कार्टून लागतं. त्यात नोहा असतो, तारू असतं, जिराफ असतो. आशीर्वाद होऊन लोक चपला घालायला लागले तरी मुलं आत येत नाहीत. गेल्या रविवारी माझा सहा वर्षांचा नातू दारातून मागं वळला आणि म्हणाला, "आजी, आम्ही गेल्यावर तुम्ही इथं काय करता?" मला उत्तर सुचलं नाही. ती उपासना माझ्या कानात शिरली नाही.

मुलांना शास्त्र शिकवण्याची आपली परंपरा जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशन 1831 साली नगरला आलं, 1873 साली 'बालबोधमेवा' हे मुलांचं मासिक निघालं, रेव्हरंड टिळकांनी मुलांसाठी मराठी कविता लिहिल्या. मिशनच्या त्या काळावर पुष्कळ लिहून झालंय, मी त्यात रेंगाळत नाही. नोव्हेंबर 1970 मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा मी पाच वर्षांची होते. मोठी माणसं त्याच्या घटनेबद्दल आणि मिळकतींबद्दल बोलत. मला आठवते ती पहिल्या बाकापुढं अंथरलेली निळ्या पट्ट्यांची सतरंजी.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, कोरडवाहू. सकाळी शब्बाथ शाळा भरे, मग घंटा होई आणि आम्ही उपासनेला थेट त्या सतरंजीवर जाऊन बसायचो. शास्त्रवाचनानंतर पाळकसाहेब बाजूला सरत आणि बाई पुढं येत. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. त्यांच्या पिशवीतून दर रविवारी काहीतरी निघे. पिठातल्या खमिराचा दाखला सांगायचा होता तेव्हा त्यांनी दह्याची वाटी आणली. आमच्या घरी भाकरी होती, पाव नव्हता. पण विरजण कुणाला ठाऊक नाही? चमचाभर दही भांडंभर दुधाचं रातोरात काय करतं ते आम्ही रोज पाहत होतो. पेरणाऱ्याच्या दाखल्याला एका मुलानं मधेच विचारलं, "बाई, हा माणूस वाटेवर बी कसं काय टाकतो? पाभर नाही का त्याच्याकडं?" मंडळी हसली नाही. बाईंनी फोकून कसं पेरतात ते मूठ फिरवून दाखवलं, आणि मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं उभं राहून त्यात भर घातली. दहा मिनिटं सगळी मंडळी त्या मुलाच्या प्रश्नाभोवती बसली होती.

मग 1972 चा दुष्काळ आला. आई-वडील खडी फोडायला जात, आम्हाला सुकडी मिळे, रेशनवर लाल मिलो. त्या वर्षी बाईंनी चार रविवार योसेफाची गोष्ट सांगितली. सात पुष्ट गाई, सात रोडक्या गाई, फारोची झोप उडालेली. सुकाळाच्या वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात भरायचा, हा योसेफाचा सल्ला सांगून त्या थांबल्या. तेव्हा माझ्या शेजारच्या मुलीनं विचारलं, "आपल्याकडं कुणी भरलं नाही का?"

चर्चमध्ये कुणी हललं नाही. बाईंनी वेळ मारून नेली नाही. "नाही भरलं," म्हणाल्या, "आणि ज्यांनी भरायला हवं होतं त्यांच्यासाठीही आज आपण प्रार्थना करायची." त्या दिवशीची प्रार्थना पाळकसाहेबांनी त्या मुलीला सतरंजीवरच उभं करून तिच्याकडून सुरू करवली. तिनं पाऊस मागितला, आणि बापाच्या सुजलेल्या हातांसाठी मागितलं. उत्पत्तीचा एकेचाळिसावा अध्याय मी नंतर कितीदा वाचला असेन, पण मला तो त्या मुलीच्याच आवाजात ऐकू येतो.

बाईंचं सगळंच बरोबर होतं असं नाही. नरकाच्या आगीचं चित्र दाखवून त्यांनी आम्हाला अनेक रात्री जागवलं, ते मी विसरलेले नाही. सोनेरी वचन चुकलं तर भर मंडळीत उभं करत, तेही मला पटत नव्हतं. पण त्यांनी आम्हाला कधी बाहेर पाठवलं नाही. उपदेश लांबला की आम्ही आईच्या मांडीवर झोपायचो, आणि झोपेतही टिळकांची पदं कानावर पडत राहायची.

पुढची वीस वर्षं थोडक्यात सांगते, कारण त्यांत घडलं ते एवढंच की सतरंजी विरत गेली. नव्वदच्या दशकात मी शहरातल्या मंडळीत शब्बाथ शाळा शिकवत होते. तिथं एका सभेत ठरलं की मुलांच्या आवाजानं उपासनेचं गांभीर्य जातं. ज्यांनी हा ठराव मांडला, त्यांना मी तेव्हाच विचारलं होतं आणि आजही विचारते. बालकांना अडवणाऱ्या शिष्यांवर प्रभू रागावला, तो कुठल्या गांभीर्यासाठी? अनुवादाच्या एकतिसाव्या अध्यायात नियमशास्त्र ऐकायला पुरुष, स्त्रिया आणि मुलं सगळ्यांना एकत्र जमवायला सांगितलंय. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडणाच्या सणातच मूल विचारतं, या सेवेचा अर्थ काय? उत्तर द्यायचं आई-बापांनी, त्याच वेळी. मूल तिथं नसेल तर ते विचारणार काय?

आता भाषेचीही अडचण झाली आहे. इंग्रजी शाळेतल्या मुलांना देवनागरी वाचता येत नाही, म्हणून कार्टून इंग्रजी, असं मला सांगतात. नातवाला जिराफ ठाऊक आहे. विरजण, पाभर, कोठार हे शब्द त्याच्यापाशी नाहीत. दोन वर्षांत 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक त्याच्या हातात बंदच राहील. ज्या मंडळीनं मुलांसाठी मराठीत मासिक काढलं, तिची मुलं मराठी उपासनेला परकी होताहेत. याचा दोष मी मुलांना देत नाही, पडद्यालाही देत नाही. आम्ही मोठ्यांनी आपली सोय पाहिली, हे माझं म्हणणं आहे.

बाई गेल्या फेब्रुवारीत वारल्या. दफनविधीला आम्ही सतरंजीवरची अकरा जणं होतो, सगळी साठीच्या आसपासची. त्यांतल्या पाच जणांनी पुढं कुठल्या ना कुठल्या मंडळीत मुलांना शिकवलंय.

पाळकसाहेब, शास्त्रवाचनानंतरची दहा मिनिटं मुलांना परत द्या. शिकवायला मी येते, सतरंजीही मीच आणते.