नगरच्या उन्हात ऑर्किडचे घर

फुलांच्या दुकानातून आणलेली फॅलेनॉप्सिस ऑर्किडची कुंडी दिवाणखान्यात दोन-अडीच महिने फुललेली राहते. मग फुले गळतात, पाठोपाठ उन्हाळा येतो आणि पाने चामड्यासारखी सुरकुततात. हौस मोठी असेल तर त्या वेळी हरितगृहाचा विचार डोक्यात येतो. पारदर्शक पत्र्यांची, उतरत्या छपराची छोटी घरे आता घरपोच मिळतात. दिसायलाही ती देखणी असतात. मात्र अहिल्यानगर शहर, राहुरी किंवा पाथर्डीच्या एखाद्या गच्चीवर असे घर जसेच्या तसे उभे केले, तर एप्रिल-मेमध्ये त्यातली झाडे अक्षरशः शिजतील.

कारण या घरांची मूळ कल्पना थंड देशांतली आहे. तिथे प्रश्न ऊब साठवण्याचा असतो. काच किंवा प्लास्टिक ऊन आत येऊ देते, आणि तापलेली हवा मात्र वर निघून जाऊ शकत नाही. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०९ मध्ये काचेची आणि सैंधव मिठाची झाकणे लावलेल्या दोन पेट्यांवर प्रयोग करून दाखवले, की आतली ऊब मुख्यतः हवा कोंडल्यामुळे टिकते. नगरच्या पठारावर मे महिन्यात दुपारचा पारा चाळिशीला टेकतो. इथे कोंडायचे नसून सोडायचे आहे.

ही चूक इंग्रजांनीही केली होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उष्ण देशांतून नेलेली ऑर्किड तिथे बंदिस्त, वाफाळत्या काचघरांत ठेवली जात आणि मोठ्या संख्येने मरत. झाड उष्ण देशातले म्हणजे त्याला भट्टी हवी, असा समज. चॅट्सवर्थचे उद्यानप्रमुख जोसेफ पॅक्स्टन यांनी हवा खेळती ठेवली, वेगवेगळ्या जातींना वेगवेगळे तापमान दिले आणि झाडे जगू लागली.

ऑर्किडला नेमके काय हवे, हे तिच्या मुळांवरून कळते. लागवडीतली बहुतेक ऑर्किड मुळात झाडांच्या फांद्यांवर वाढणारी. मुळांभोवती स्पंजासारखे पांढरे आवरण असते. ते पाऊस-दव चटकन शोषते आणि वाऱ्यावर लवकर सुकते. म्हणून मातीत लावलेली ऑर्किड कुजते. तिला कोळसा, नारळाच्या शेंडीचे तुकडे, विटांचे खडे पुरतात. शिवाय फॅलेनॉप्सिससारख्या जाती पानांवरची छिद्रे दिवसा मिटून ठेवतात आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. दुपारइतकीच रात्रही महत्त्वाची ती यामुळे. उन्हात भाजून निघालेली गच्चीची स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असेल, तर झाडाचा रात्रीचा कारभारही बिघडतो. अंगण असेल तर पूर्वेकडची, दुपारनंतर सावलीत येणारी जमीन गच्चीपेक्षा कधीही चांगली.

थंड करायचे कसे? इथे नगरची कोरडी हवा मदतीला येते. तापमान ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असताना पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा तत्त्वतः २३ अंशांच्या आसपास उतरू शकते. प्रत्यक्षात ओले पॅड आणि पंखा नीट चालत असतील तर आत येणारी हवा २६ ते २८ अंशांपर्यंत मिळते. घरचा कूलर चालतो तो याच तत्त्वावर. तोच कूलर जुलैत जवळपास निरुपयोगी ठरतो. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर जेमतेम दोन-तीन अंशांचा फरक पडतो. पण तेव्हा त्याची गरजही नसते. पावसाळ्यातली खरी अडचण साचलेल्या दमट हवेत वाढणारी बुरशी, आणि तिला उत्तर म्हणजे वारा.

खरी परीक्षा वीज गेल्यावर होते. चारी बाजूंनी बंद पॉलिकार्बोनेटच्या घरात भर दुपारी पंखा थांबला, तर आतले तापमान थोड्याच वेळात बाहेरच्यापेक्षा कितीतरी वर चढते. आणि तेव्हा मालक कामावर असतो. त्यामुळे निवडीची कसोटी साधी ठेवावी: वीज नसताना घर बाहेरच्यापेक्षा जास्त तापू नये.

या कसोटीला उतरते ते शेडनेटचे घर. जस्ताच्या पाइपांचा सांगाडा, मध्यावर नऊ-दहा फूट उंची, बाजूंना जाळी आणि गरम हवा निसटायला माथ्याशी फट. डेंड्रोबियमसाठी ५० टक्के, फॅलेनॉप्सिससाठी ७५ टक्के सावली धरून चालावे. वर पाऊस अडवायला प्लास्टिक घालायचे असेल तर सावलीची जाळी त्याच्या बाहेर, वर हातभर अंतर सोडून ताणावी. आतून लावलेल्या जाळीपर्यंत ऊन पोहोचते तेव्हा उष्णता घरात शिरलेली असते. काच मात्र टाळावी; अवकाळी पावसातली गारपीट या जिल्ह्याला नवी नाही. हिवाळ्यात पारा दहाच्या खाली जातो तेव्हा बाजूंना गुंडाळता येणारे प्लास्टिकचे पडदे सोडावेत. कुंड्या दहा-बाराच असतील तर रात्री घरात आणणे सर्वांत स्वस्त.

पाण्याचा विचार सांगाड्याआधी करायला हवा. बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार मुळांवर पांढरे पुट धरतात आणि मुळे जळतात. ऑर्किडला पावसाचे पाणी उत्तम. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला, तरी दहा चौरस मीटर पत्र्यावरून वाया जाणारे वगळून चार हजार लिटर हाती येते. झाकणबंद टाकी मात्र हवी. कूलरच्या किंवा पॅडखालच्या उघड्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो; ते पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून भांडे घासून कोरडे करावे. ओल्या जागेतल्या वीजजोडणीला गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच लावावा, आणि बंद जागेत कीटकनाशक फवारू नये. कुंडी बाहेर आणून फवारावे.

याच जिल्ह्याच्या पश्चिमेला, अकोले तालुक्यातल्या सह्याद्रीत ऑर्किड कुणाच्याही मदतीशिवाय वाढतात. भंडारदरा-हरिश्चंद्रगडाच्या बाजूला मुसळधार पाऊस, धुके, झाडांच्या शेवाळलेल्या फांद्या हे सगळे त्यांना आयते मिळते. तिथून ओरबाडून आणलेले झाड पठारावर फार दिवस टिकत नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातून ते काढणे हा गुन्हाही आहे. रोपे ऊतिसंवर्धित, रोपवाटिकेतलीच घ्यावीत.

पैसे खर्च करण्यापूर्वी कमाल-किमान तापमान आणि आर्द्रता दाखवणारे एक स्वस्त उपकरण ठरलेल्या जागी टांगावे, आणि मे व डिसेंबर या दोन महिन्यांच्या नोंदी वहीत ठेवाव्यात. त्याच काळात त्या जागी संकरित डेंड्रोबियमच्या दोन कुंड्या नुसत्या जाळीखाली ठेवून पाहाव्यात. त्या पुढच्या वर्षी फुलल्या, तर कदाचित मोठ्या घराची गरजच पडणार नाही.